आधी सावधपण, मग विमा



आपल्या चारठाण्यात गोकुळेश्वराच्या देवळापाशी जुनी बारव आहे. लहानपणी आपण सगळेच तिच्या पायऱ्या उतरून गेलो आहोत. पाणी कितीही खाली गेले तरी पायऱ्यांवरून बेताने उतरता येते. याच्या उलट, शेतातली बिनकठड्याची विहीर पाहा. रात्री तिच्या काठाने जाताना जीव मुठीत धरावा लागतो. पाणी दोन्हींकडे आहे. पण एकीकडे बांधणाऱ्याने माणसाचा पाय कुठे पडेल याचा आधी विचार केला आणि दुसरीकडे केला नाही.

आजचा पाठ ह्याच विचाराचा आहे. दुकान, गिरणी, जिनिंग, सुतारशाळा, वेल्डिंगचे खोपट, असे जिथे जिथे माणसे काम करतात तिथे धोका असतो. धोक्यासाठी आपण विमा उतरवतो. विम्याचा हप्ता भरावा लागतो. तो हप्ता कमी कसा होईल, असे पुष्कळजण मला विचारतात. त्याचे उत्तर मी तीन शब्दांत देतो: धोका कमी करा. पण तीन शब्दांनी कोणाचे समाधान होत नाही, म्हणून हा पाठ लिहिला.

आमच्या घरची गोष्ट

प्रथम घरचीच गोष्ट सांगतो. मी मॅट्रिकच्या वर्गात होतो, तेव्हा माझे थोरले बंधू पिठाची गिरणी चालवीत. डिझेलचे इंजिन होते आणि इंजिनापासून जात्यापर्यंत लांब पट्टा होता. पट्टा सरकू लागला की त्याला राळ लावायची. इंजिन बंद करून लावावी, हे दादांना ठाऊक होते. पण बाहेर बायाबापड्या दळणाचे डबे घेऊन खोळंबलेल्या. इंजिन बंद केले की पुन्हा चालू करायला हँडल मारा, धूर खा. म्हणून दादा चालत्या पट्ट्यालाच राळ लावीत. वर्षभर काही झाले नाही. एके दिवशी सदऱ्याची बाही पट्ट्यात गेली. बाहीबरोबर हात गेला. उजव्या हाताची तीन बोटे राहिली नाहीत.

इंजिनाचा विमा होता. इंजिन जळाले असते तर पैसे मिळाले असते. पण इंजिनाला काहीच झाले नव्हते! दादांचा स्वतःचा विमा कोणी उतरवलेला नव्हता. गावच्या लोहाराने पट्ट्याभोवती जाळी करायला फार तर एक दिवस घेतला असता. पुढे दादा डाव्या हाताने जेवायला शिकले आणि सहीदेखील डाव्या हाताने करू लागले. घरात कोणी त्यांना बोल लावला नाही. परंतु जाळीची आठवण मला अजून होते.

हे ध्यानात ठेवावे: विमा पैसे देतो, बोटे देत नाही.

हप्ता म्हणजे काय?

हिशेब सोपा आहे. समजा, बाजारात १०० दुकाने आहेत. प्रत्येकात १ लाख रुपयांचा माल आहे. दरवर्षी सरासरी एक दुकान जळते. सर्वांनी ठरवले की दरसाल प्रत्येकाने १,००० रुपये एका पेटीत टाकायचे. पेटीत १ लाख जमतात. ज्याचे दुकान जळेल त्याला ते द्यायचे. म्हणजे एकाचा घाव शंभरजणांनी वाटून घेतला. हाच विमा. पेटी सांभाळणारी ती विमा कंपनी. तिचा खर्च आणि नफा हप्त्यात वरून येतो.

आता समजा, दुकानदारांनी तारा नीट केल्या, रॉकेल आणि कापड वेगळे ठेवले, दुकान बंद करताना मेन स्विच पाडू लागले. दरवर्षी एक दुकान जळायचे, ते दोन वर्षांत एक जळू लागले. तर पेटीत १,००० ऐवजी ५०० टाकले तरी भागेल. म्हणजे हप्ता म्हणजे आपल्या धोक्याचीच किंमत. धोका उतरला की किंमत उतरते.

मात्र एकट्याने सुधारणा केली तर? पेटीवाल्याला ती दिसली पाहिजे. न दिसणाऱ्या सावधपणाला सूट मिळत नाही. यावर एक परदेशची गोष्ट आहे.

एका गिरणीमालकाचे भांडण

अमेरिकेत ऱ्होड आयलंड नावाचे लहानसे राज्य आहे. तिथे झकरिया अॅलन नावाचे एक कापडगिरणीचे मालक होते. गिरण्यांना आगी फार लागत. अॅलन यांनी आपल्या गिरणीत जाड लाकडाच्या भक्कम जमिनी घातल्या, आग अडवणारे दरवाजे बसवले आणि पाण्याचा पंप ठेवला. मग ते विमा कंपनीकडे गेले आणि म्हणाले, माझी गिरणी इतरांपेक्षा सुरक्षित आहे, माझा हप्ता कमी करा. कंपनीने नकार दिला. चांगल्या गिरणीला आणि वाईट गिरणीला एकच दर!

अॅलन स्वस्थ बसले नाहीत. १८३५ साली त्यांनी इतर गिरणीमालकांना एकत्र केले आणि आपसातली विमा मंडळी काढली. तिचा नियम असा की, ज्याची गिरणी नीट असेल त्यालाच आत घ्यायचे आणि गिरणी वरचेवर तपासायची. नुकसान कमी झाले, हप्ता कमी पडू लागला. आज जगभर विमा कंपनीचा माणूस कारखाना पाहायला येतो आणि सुधारणा सुचवतो. ती चाल रुजवण्यात या मंडळींचा मोठा वाटा आहे.

आपल्या देशात २००६ सालाअखेरपर्यंत आगीच्या विम्याचे दर ठरीव तक्त्याप्रमाणे असत. १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांना दर ठरवण्याची मोकळीक मिळाली. त्यामुळे आता चांगल्या जागेचा मालक चार ठिकाणी विचारू शकतो आणि आपली व्यवस्था दाखवून घासाघीस करू शकतो.

मुंबईची गोदी, १९४४

कापूस पिकवणाऱ्या आपल्या भागाने एक तारीख विसरू नये: १४ एप्रिल १९४४. त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचे जहाज उभे होते. लढाईचे दिवस होते. जहाजात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता. कराचीहून त्यात कापसाच्या हजारो गाठी चढवल्या होत्या. तेलाची पिपेही होती. पेटणारा माल आणि फुटणारा माल एकाच पोटात!

दुपारी कापसातून धूर येऊ लागला. कापसाची आग भडकून दिसण्याआधी आतल्या आत दबून राहते. बंबवाले पाणी मारीत राहिले, पण आगीचे मूळ सापडेना. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. जहाजे, गोदामे, आसपासची वस्ती उद्ध्वस्त झाली. शेकडो माणसे मेली. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात.

आता विम्याचा मुद्दा पाहा. ज्यांची घरे-दुकाने गेली त्यांच्यापैकी पुष्कळांजवळ आगीचा विमा होता. पण आगीच्या विम्यात असा स्फोट बसतो का, हा प्रश्न निघाला. शेवटी भरपाईसाठी सरकारला १९४४ सालीच खास वटहुकूम काढावा लागला. यातून दोन धडे घ्यावेत. एक, पेटणारा माल आणि फुटणारा माल शेजारी ठेवू नये. दोन, पॉलिसीत काय बसते आणि काय बसत नाही, हे आग लागण्यापूर्वी वाचावे.

जिनिंगमधली फेरी

जिंतूर, सेलू, मानवत या आपल्या पट्ट्यात कापूस आणि जिनिंग नवीन नाही. माझा एक जुना विद्यार्थी जिनिंग चालवतो. तो एके दिवशी पॉलिसीचा कागद घेऊन घरी आला.

"गुरुजी, हे जरा वाचून सांगा. अक्षर लई बारीक हाय. हप्ता वाढवलाय त्यांनी. औंदा विमाच सोडून द्यावा म्हणतो."

मी म्हणालो, "तू विमा सोडलास, तर जाळ तुझ्या जिनिंगकडं यायचं सोडील का रे?"

तो हसला. मग हळूच म्हणाला, "मागल्या साली दोनदा पैसे घेतले त्यांच्याकडून. एकदा ढीग जळाला, एकदा मोटार."

"मग हप्ता वाढणारच. चल, तुझं जिनिंग दाखव."

आम्ही फिरलो. जे पाहिले ते क्रमाने सांगतो. तुम्ही अशा ठिकाणी कामाला असाल, तर उद्या तुम्हीही अशी फेरी मारा.

१. ढीग. आवारात कापसाचे ढीग एकमेकांना चिकटून होते. एक पेटला की सगळे पेटणार. दोन ढिगांमध्ये मोकळी वाट पाहिजे. पाण्याची गाडी आत येईल एवढी तरी रुंद पाहिजे. ओला कापूस दाबून ठेवू नये, तो आतून तापतो.

२. बिडी-काडी. फाटकावर 'धूम्रपान मना' अशी पाटी होती. पाटीखालीच बिडीची थोटके पडली होती! नुसत्या पाटीने भागत नाही. फाटकावर पेटी ठेवावी. आत जाताना बिडी-काडी पेटीत टाकावी, जाताना परत घ्यावी. हा नियम मालकालाही लागू असावा.

३. खडा आणि लोखंड. वेचणीच्या कापसात खडे, खिळे, तारेचे तुकडे येतात. तो तुकडा जिनात गेला की घासतो आणि ठिणगी उडते. ठिणगी रुईबरोबर हवेच्या नळीतून पुढे जाते आणि खोलीभर रुईत जाऊन बसते. म्हणून कापूस आत सोडण्यापूर्वी निवडावा आणि वाटेवर लोहचुंबक बसवावे.

४. धूळ आणि बेअरिंग. फिरणाऱ्या दांड्यावर, बेअरिंगवर, दिव्यावर कापसाची लव साचली होती. बेअरिंगला तेल-ग्रीस कमी पडले की ते तापते आणि लव पेटते. रोज पाळी संपल्यावर झाडणी झालीच पाहिजे.

५. वीज. फ्यूज सारखा उडतो म्हणून एकाने त्यात जाड तार घातली होती. फ्यूज उडतो तो आपल्याला वाचवायला. जाड तार घालणे म्हणजे राखणदाराला बांधून ठेवून चोराला दार उघडे करणे.

६. विझवण्याची साधने. आग विझवण्याचा लाल नळकांडा भिंतीवर होता, पण त्यापुढे पोत्यांची थप्पी लागली होती. त्याची मुदतही संपली होती. तो चालवायचा कसा, हे एकालाही ठाऊक नव्हते. वाळूच्या बादल्या रिकाम्या होत्या. आणि एक गोष्ट सगळ्यांनी पाठ करावी: विजेच्या आगीवर पाणी टाकू नये. आधी मेन स्विच पाडावा.

७. माणूस. पट्ट्यावर जाळी नव्हती. बाया कापूस सोडीत होत्या आणि पदर मोकळे होते. एका मशीनमध्ये कापूस अडकला. एक पोरगा मशीन चालू असतानाच हात घालू लागला.

मी ओरडलो, "काय करायलास? हात काढ!"

पोरगा म्हणाला, "रोजच काढतो की गुरुजी."

मला दादा आठवले. तेही रोजच राळ लावीत असत.

माणसाचा विमा

मशीनचा विमा निराळा, माणसाचा निराळा. कामावर असताना कामगाराला दुखापत झाली, तर मालकाने भरपाई द्यावी, असा कायदा आपल्याकडे १९२३ सालापासून आहे. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे तत्त्व ठेवले आहे. कायद्यात शरीराचा तक्ताच दिला आहे. अंगठा गेला, तर कमाईची शक्ती शंभरात ३० ने घटली असे धरतात. अंगठ्याशेजारचे बोट पूर्ण गेले, तर १४ ने. हा तक्ता वाचताना अंगावर काटा येतो.

मृत्यू आला तर हिशेब असा. महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग घ्यायचा आणि त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचे. वय ३० असेल तर तो आकडा २०७.९८ आहे. मजुरी १२,००० रुपये असेल तर निम्मे ६,०००. त्याला गुणले की १२,४७,८८० रुपये होतात. एवढी रक्कम लहान मालक कुठून आणणार? म्हणून मालकाने कामगार-भरपाईचा विमा उतरवावा. त्याचा हप्ता मजुरीवर आणि कामाच्या धोक्यावर ठरतो. मजुरीचा आकडा चोरून कमी दाखवू नये. दाखवला तर अडचणीच्या दिवशी तोच आकडा समोर येतो.

कामगारांनीही एक ओळखावे. मालकाने बसवलेली जाळी कोणी मुद्दाम काढली आणि त्यामुळे दुखापत झाली, तर भरपाई नाकारली जाऊ शकते. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले तर मात्र तसे म्हणता येत नाही. तेव्हा जाळी ही मालकाची नव्हे, आपल्या हाताची आहे असे समजावे.

हप्ता वाचवण्याची खोटी वाट

काहीजण हप्ता कमी व्हावा म्हणून मालाची किंमतच कमी लिहितात. १० लाखांचा माल असून ५ लाखांचाच विमा घेतात. पुढे २ लाखांचा माल जळतो. त्यांना वाटते, २ लाख मिळतील. कंपनी म्हणते, तुम्ही निम्म्याच मालाचा विमा घेतला, म्हणून निम्मीच भरपाई. हाती १ लाख येतो. वाचवले शेकड्यांनी, गमावले लाखाने.

लहान उद्योगांसाठी १ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची पॉलिसी आली. एका ठिकाणची इमारत, यंत्रे व माल मिळून ५ कोटी रुपयांपर्यंतच्या उद्योगाला ती चालते. तिच्यात किंमत शेकडा १५ पर्यंत कमी लिहिली गेली असेल, तर भरपाईत कपात करीत नाहीत. ही सवलत चुकीसाठी आहे, लबाडीसाठी नव्हे.

हप्ता उतरवण्याची खरी वाट अशी. केलेल्या सुधारणांच्या पावत्या आणि फोटो ठेवावे. अपघाताची वही ठेवावी. तीत लहानसहान चटका, खरचटणे, ठिणगी, सगळे तारखेनिशी लिहावे. विमा कंपनीचा माणूस आला की वही पुढे करावी. लहान नुकसान आपण सोसायचे कबूल केले, तरी हप्ता उतरतो. पण हप्ता एका वर्षात निम्मा होईल, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. दोन-तीन हंगाम नीट गेले, म्हणजे बोलणी करायला बळ येते.

पुढे काय झाले?

माझ्या विद्यार्थ्याने विमा सोडला नाही. ढीग अलग केले, जाळ्या बसवल्या, फाटकावर पेटी ठेवली. आमच्या रात्रीच्या वर्गाला येणाऱ्या एका बाई तिथेच कामाला होत्या. पाट्या त्यांच्या हातून लिहवून घेतल्या. मशीन बंद करून आत हात घालताना स्विचवर अडकवायची पाटी त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिली: 'आत हात आहे. चालू करू नका.' त्यात एक मात्रा चुकली होती. आम्ही ती तशीच राहू दिली, कारण पाटी सर्वांना वाचता येत होती.

दुसऱ्या हंगामात एका रात्री रुईच्या खोलीत धूर निघाला. राखणदाराने मेन पाडला. नळकांडा जागेवर होता आणि तो चालवता येत होता. चार-पाच पोत्यांवर निभावले. त्या नुकसानीसाठी मालकाने कंपनीकडे पैसे मागितले नाहीत. तिसऱ्या वर्षी वही आणि पावत्या दाखवल्यावर हप्ता थोडा उतरला. फार नाही. पण जाळ्यांचा खर्च त्यात निघाला.

तो सांगायला आला तेव्हा मी विचारले, "आणि तो पोरगा?"

"कोणता, गुरुजी?"

"मशीनमध्ये हात घालणारा."

"हाय की. त्याचं लगीन झालं. आता पाटी लावल्याबिगर तो कोणालाच हात घालू देत नाही."

मी त्याच्या हप्त्याचा आकडा विसरलो आहे. पोराचे दोन्ही हात शाबूत आहेत, हे मात्र विसरलो नाही.

शब्दांचे अर्थ

हप्ता – विम्यासाठी ठरलेल्या मुदतीने भरायची रक्कम
पॉलिसी – विम्याचा करार लिहिलेला कागद
भरपाई – नुकसान भरून काढण्यासाठी मिळणारी रक्कम
वटहुकूम – तातडीने काढलेला सरकारी कायदा
शाबूत – धड, न मोडलेले

प्रश्न

१. इंजिनाचा विमा असूनही दादांना पैसे का मिळाले नाहीत?
२. ८ लाखांच्या मालाचा ४ लाखांचाच विमा घेतला. १ लाखाचा माल जळला. निम्म्याच किमतीचा विमा धरला तर किती भरपाई मिळेल?
३. विजेच्या आगीत प्रथम काय करावे?
४. आपण जिथे काम करता तिथे फेरी मारा. दिसलेले तीन धोके वहीत लिहा. त्यांपैकी पैसे न खर्चता आजच दूर करता येईल असा धोका कोणता? तो दूर करून मग पुढचा पाठ वाचा.